गाणे कोणाचे? भजनी मंडळांसाठी एक पाठ

गेल्या रामनवमीच्या उत्सवात आमच्या भजनी मंडळातील तरुण कार्यकर्त्यांनी मोठ्या हौसेने पालखीचे चित्रमुद्रण केले आणि ते यूट्यूबवर घातले. दृश्ये अधिक खुलावीत म्हणून त्यांनी त्याला एका नामवंत गायकाच्या ध्वनिमुद्रिकेतील अभंग जोडला होता. दोनच दिवसांत त्या चित्रफितीतील आवाज बंद झाला, आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क एका कंपनीकडे असल्याची सूचना आली. मंडळी रागावून आमच्याकडे आली. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता: "काका, तुकोबांच्या अभंगावर कंपनीचा हक्क कसा?"

प्रश्न रागाच्या भरात विचारलेला असला तरी मुळात योग्य होता. त्याचे उत्तर त्या संध्याकाळी सभामंडपात बसून आम्ही जसे दिले, तसेच ते येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर ह्या भागात असे गाव विरळाच की जेथे भजनी मंडळ नाही. आणि आज असे मंडळ विरळाच की ज्यातील एखाद्याच्या हाती मोबाईल नाही. तेव्हा हा विषय आता केवळ वकिलांचा राहिलेला नाही.

एका गाण्याचे चार धनी

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपण ज्याला 'एक गाणे' म्हणतो ते कायद्याच्या दृष्टीने एक नसते. त्यात किमान चार वेगवेगळ्या वस्तू एकत्र आलेल्या असतात. पहिली वस्तू शब्द, म्हणजे काव्य; ती कवीची. दुसरी वस्तू चाल, ती संगीतकाराची. तिसरी वस्तू गायन-वादन, म्हणजे प्रत्यक्ष सादर केलेली कला. ती गायकाची व वादकाची. चौथी वस्तू ध्वनिमुद्रण. ते ज्याने पदरचा पैसा घालून तयार केले त्या निर्मात्याचे. हे चारही हक्क स्वतंत्र आहेत, त्यांच्या मुदती स्वतंत्र आहेत, आणि एकाची मुदत संपली म्हणून दुसऱ्याची संपत नाही.

ह्यावरून तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. तुकोबांच्या शब्दांवर कोणाही कंपनीचा हक्क नाही, आणि कधी असणारही नाही. ते शब्द साऱ्यांचे आहेत. कंपनीचा हक्क होता तो त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावर. आमच्या मुलांनी अभंग घेतला असता तर कोणी हरकत घेतली नसती. त्यांनी घेतली होती ध्वनिमुद्रिका. विहिरीचे पाणी गावाचे असले तरी कोणी ते शेंदून, गाळून आपल्या घागरीत भरून ठेवले, तर ती घागर न विचारता उचलता येत नाही. तसाच हा प्रकार होय.

कायदा आणि त्याच्या मुदती

आपल्या देशात ह्या विषयाचा पहिला सविस्तर कायदा ब्रिटिश अमदानीत १९१४ मध्ये आला. स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५७ चा कॉपीराइट कायदा संमत केला व तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी १९९४ व २०१२ च्या दुरुस्त्या गाणाऱ्या-बजावणाऱ्या मंडळींच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. हा कायदा केंद्राचा असल्यामुळे निपाणीला एक आणि कागलला दुसरा असा भेद त्यात नाही. सीमेच्या दोन्ही अंगांस तो सारखाच लागू आहे.

मुदतींचा हिशेब असा आहे. कवीचा शब्दांवरील व संगीतकाराचा चालीवरील हक्क त्यांच्या हयातीत, आणि निधनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती; १९९२ मध्ये ती वाढविण्यात आली. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रथम प्रसिद्ध झाले त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे असतो. म्हणजे १९८० साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेचे संरक्षण २०४० च्या अखेरीपर्यंत चालेल. गायक-वादकांचा हक्क सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून ५० वर्षांचा आहे.

आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. 'गीतरामायण' आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुरू झाले, आणि आठवड्यास एक ह्या क्रमाने त्याची ५६ गीते प्रसारित झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत सुधीर फडके यांचे. आमच्या भागात रामनवमीला आजही ही गीते गाइली जातात. रामकथा वाल्मीकींची, तिच्यावर कोणाचाच हक्क नाही. परंतु माडगूळकरांनी त्या कथेवर रचलेली गीते ही त्यांची निर्मिती होय. त्यांचे निधन १४ डिसेंबर १९७७ रोजी झाले. म्हणून शब्दांचे संरक्षण २०३७ च्या अखेरीस संपेल. फडके २९ जुलै २००२ रोजी निवर्तले. त्यांच्या चालींचे संरक्षण २०६२ च्या अखेरीपर्यंत राहील. ह्याचा अर्थ असा की, २०३८ साली कोणी ही गीते पुस्तकरूपाने छापली तर शब्दांपुरती कोणाची परवानगी लागणार नाही; पण तीच गीते फडक्यांच्या चालीत मुद्रित करून विकावयाची झाली तर चालीची परवानगी तेव्हाही लागेल.

आमच्या सीमाभागाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगावयाची. भाषांतर हाही मूळ कवीच्या हक्कातीलच भाग आहे. येथील कित्येक भजनी मंडळे एकाच बैठकीत तुकोबांचा अभंग आणि पुरंदरदासांचे पद म्हणतात. मराठीचे कन्नड व कन्नडाचे मराठी करण्याची हौसही अनेकांस आहे. संतांच्या व दासांच्या पदांचे भाषांतर कोणीही खुशाल करावे. त्या भाषांतरावर भाषांतरकाराचा स्वतःचा हक्क निर्माण होतो. परंतु अलीकडच्या कवीच्या गीताचे भाषांतर प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याची अथवा त्याच्या वारसांची संमती घेतली पाहिजे.

सुळेभावीचा सुपुत्र

चाल ही स्वतंत्र वस्तू कशी, हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बेळगावजवळील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म झाला. तेच पुढे कुमार गंधर्व म्हणून देशभर कीर्तिमान झाले. अगदी बालवयातच त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. त्या इतक्या जुन्या आहेत की त्या मुद्रणांची मुदत केव्हाच संपून गेली आहे. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिक्षण झाल्यावर क्षयाच्या आजारामुळे ते १९४८ मध्ये देवासला गेले. माळव्याच्या लोकगीतांचा त्यांनी तेथे अभ्यास केला आणि कबीरांची निर्गुणी भजने नव्या तेजाने लोकांपुढे आणली.

आता येथे विचार करावा. कबीरांचे शब्द साऱ्यांचे. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गायनाची धाटी, तीही कोणा एकाची नव्हे. पण कुमारांनी जे स्वतः नव्याने रचले ते त्यांचे होय. स्वतःच्या बंदिशी त्यांनी 'अनूपरागविलास' ह्या ग्रंथात स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. त्याचा पहिला भाग १९६५ मध्ये निघाला. ते १२ जानेवारी १९९२ रोजी निवर्तले. तेव्हा त्यांच्या रचनांचे संरक्षण २०५२ च्या अखेरीपर्यंत आहे.

स्वरलिपीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. १९५७ च्या मूळ कायद्यात 'संगीतकृती' म्हणजे छापलेली अथवा लिहून काढलेली चाल, अशी व्याख्या होती. नुसत्या मुखोद्गत चालीला कायदा ओळखतच नव्हता. आपल्या संगीताचा बहुतांश भाग गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी गेलेला. त्याची नोंद कागदावर नाही. ही अडचण १९९४ च्या दुरुस्तीने दूर केली. ती १९९५ मध्ये अमलात आली, आणि तेव्हापासून लिहून न ठेवलेली चालही संगीतकृती मानली जाते.

गायकाची स्थिती तर त्याहून कठीण होती. मूळ कायद्यात त्याला काहीच हक्क नव्हता. १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, तेव्हा न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्याला पुस्ती जोडून ह्या उणिवेकडे संसदेचे लक्ष वेधले. भारतीय संगीतात गायकाचा गळा हाच गाण्याचा प्राण असताना कायद्याने त्यालाच वगळावे, हे त्यांना आपल्या परंपरेशी विसंगत वाटले. गायक-वादकांस हक्क मिळण्यास त्यानंतरही पुष्कळ वर्षे लागली. ते १९९४ च्या दुरुस्तीनेच मिळाले.

मंदिराला दिलेली मोकळीक

इतके ऐकल्यावर एका वृद्ध सभासदांनी विचारले, "मग आम्ही देवापुढे गाणेही बंद करावयाचे काय?" मुळीच नाही. कायदा येथे उदार आहे. त्याच्या ५२ व्या कलमात कोणती कृत्ये हक्कभंग होत नाहीत ह्याची यादी दिली असून त्यांपैकी तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली: खऱ्याखुऱ्या धर्मविधीच्या ओघात गीत गाणे, वाजविणे किंवा ध्वनिमुद्रिका लावणे ह्यास परवानगी लागत नाही. पहाटेची काकड आरती, पालखी, हरिनाम सप्ताह ह्यांत होणारे भजन निर्धास्तपणे करावे. विवाहाची वरात व विवाहाशी संबंधित समारंभ हेही ह्यातच येतात, असे कलमातच स्पष्टीकरण आहे. लग्नातील गाण्यांवरून अलीकडे पुष्कळ वाद झाले. गोवा शासनाने ह्याविषयी २०२४ मध्ये परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केले. परंतु रद्द झाले ते परिपत्रक, कायद्याचे कलम नव्हे.

दुसरी: हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांपुढे, अथवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी, केलेला गायनाचा किंवा नाटकाचा प्रयोग. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी गावच्या हौशी मंडळींनी तिकीट लावून कार्यक्रम केला तरी तो ह्यात बसतो. मात्र बिदागी देऊन बोलावलेला व्यावसायिक वाद्यवृंद हा हौशी नव्हे, हे विसरू नये.

तिसरी: नफ्यासाठी न चालविलेल्या मंडळाने किंवा तत्सम संस्थेने आपल्या कार्याचा भाग म्हणून ध्वनिमुद्रिका ऐकविणे.

ह्या सर्व सवलतींचे मर्म एकच आहे. त्या गाण्यासाठी व ऐकविण्यासाठी आहेत. प्रती काढण्यासाठी नाहीत. देवापुढे ध्वनिमुद्रिका लावणे निराळे, आणि तीच पेनड्राइव्हवर उतरवून उत्सवात दहा-वीस रुपयांना विकणे निराळे. पालखीपुढे अभंग लावणे निराळे, आणि तो चित्रफितीस जोडून जगभर प्रसारित करणे निराळे. पहिले कृत्य त्या क्षणापुरते असते; दुसऱ्याने नवी प्रत जन्मास येते आणि ती हातोहात फिरत राहते. आमच्या तरुणांची चूक नेमकी येथे झाली होती. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्याच्या लाभासाठी कृत्य झाले नसेल तर न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते.

आपणही धनी आहोत

येथवर आपण दुसऱ्याचे हक्क पाहिले. आता आपल्या पदरात काय आहे तेही पाहू. कारण आमच्या मते ह्या पाठाचा अर्धा, आणि अधिक मोलाचा, भाग हाच आहे.

आमच्या भागात असे कितीतरी भजनी बुवा आहेत की ज्यांनी शेती सांभाळून, तंबाखूच्या वखारीत राबून, रात्री पेटीवर बसून नवनव्या चाली बांधल्या. गावोगावच्या मंडळांत त्या चाली आज गाइल्या जातात, पण चाल कोणाची असे विचारले तर सांगता येत नाही. अशाच एका बुवांचे भजन आमच्या सप्ताहात कोणी मोबाईलवर मुद्रित केले. काही महिन्यांनी तीच चाल, तीच वळणे, दुसऱ्याच्या नावावर ऐकू आली. आम्ही बुवांना ती ऐकविली. ते बराच वेळ स्तब्ध होते. मग एवढेच म्हणाले, "पैका नको हो मला. पण माझं नाव तरी घ्यायला होतं."

ह्या एका वाक्यात कायद्याचे ५७ वे कलम सामावले आहे. निर्मात्याने आपले आर्थिक हक्क विकले तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा, आणि तिची विद्रूप मोडतोड थांबविण्याचा, अधिकार त्याच्याकडेच राहतो. त्याच्या पश्चात वारसांसही तो बजावता येतो. गायक-वादकांसही असा नैतिक हक्क २०१२ मध्ये देण्यात आला. शिवाय प्रत्यक्ष गायनाचे मुद्रण, खासगी उपयोग वा शिक्षण-संशोधन वगळता, गायकाच्या संमतीवाचून करता येत नाही. तेव्हा सप्ताहास आलेल्या कीर्तनकारांचे कीर्तन मुद्रित करून प्रसारित करण्यापूर्वी त्यांना विचारणे हे नुसते सौजन्य नव्हे, ती कायद्याची अट आहे.

ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आली असे कोणी समजू नये. संत आपल्या अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालीत, ती काय होती? वाणी कोणाची हे ऐकणाऱ्यास कळावे, ही सोय होती. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा एक जण त्यांचे अभंग स्वतःची नाममुद्रा घालून म्हणत असे, असे परंपरा सांगते. आणि त्याच्याविषयीची तुकोबांची तीव्र नापसंती गाथेतील अभंगांतही उमटली आहे. ज्या पुरुषाने धनाला मृत्तिकेसमान मानले, त्यालाही वाणीची चोरी आणि तिचा विचका सहन झाला नाही. मूळ वाणी शुद्ध राखण्याची कळकळ आणि पैशाचा लोभ ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ह्यावरून ओळखावे.

चाल सिद्ध कशी करावी, हा पुढचा प्रश्न. हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कृती निर्माण होताच तो जन्मास येतो. परंतु वाद उपस्थित झाल्यास पुरावा लागतो. २०२५ मध्ये डागर घराण्याच्या 'शिवस्तुती' ह्या रचनेवरून एका चित्रपटगीताविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा चालला. एप्रिलमध्ये एकल न्यायमूर्तींनी श्रेय देण्याचा अंतरिम आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. एखाद्याने रचना गाइली एवढ्यावरून तो तिचा कर्ता ठरत नाही, हा मुद्दा तेथे निर्णायक झाला. इतक्या थोर घराण्याची ही कथा, तर खेड्यातील बुवांनी किती सावध असावे! संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले असे सांगतात. आपल्या मंडळांनाही आज एकेक संताजी हवा आहे.

कराराविषयी दोन शब्द. कोणी ध्वनिमुद्रण काढण्यास आला आणि 'सर्व हक्क कायमचे दिले' अशा छापील कागदावर सही मागू लागला, तर घाई करू नये. हक्काचे हस्तांतरण लेखी व सही केलेले असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. तसेच २०१२ च्या दुरुस्तीपासून, ध्वनिमुद्रणात आलेल्या आपल्या शब्दांच्या व चालीच्या वापराबद्दल कवी व संगीतकार यांना मिळावयाचा मानधनातील समान वाटा, वारस किंवा हक्कवसुली संस्था सोडून, कोणालाही देऊन टाकता येत नाही. तसे लिहून घेतले तरी ते कायद्याने टिकत नाही.

मंडळांनी पाळावयाचे नियम

१. प्रत्येक मंडळाने एक वही ठेवावी. नवी चाल बांधली की पदाचे नाव, चाल बांधणाऱ्याचे नाव, गाव व तारीख लिहावी, आणि दोघा साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. सोबत चाल मुद्रित करून जपून ठेवावी.

२. कोणाचेही भजन वा कीर्तन प्रसारित करण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्यावी.

३. चित्रफितीस बाजारातील ध्वनिमुद्रिका जोडू नये. आपल्याच मंडळाचे गायन घ्यावे.

४. संतांचे शब्द आणि पारंपरिक चाल निःशंकपणे घ्यावी. अलीकडच्या कवीचे गीत किंवा संगीतकाराची चाल मुद्रित करावयाची झाल्यास परवानगी मागावी.

५. प्रत्येक मुद्रणाबरोबर कवी, चाल, गायक, पेटी, पखवाज, टाळकरी, सर्वांची नावे द्यावीत. एकही नाव गाळू नये.

त्या संध्याकाळच्या बैठकीचा शेवट सांगून हा पाठ पुरा करतो. तरुणांनी ती चित्रफीत काढून टाकली. पुढच्या एकादशीस त्यांनी वर सांगितलेल्या बुवांना सन्मानाने बोलावले, त्यांचीच चाल, त्यांच्याच तोंडून, त्यांची संमती घेऊन मुद्रित केली आणि पालखीच्या दृश्यांना जोडली. खाली प्रथम तुकोबांचे नाव घातले, मग चाल म्हणून बुवांचे, मग साथीदारांची. ती चित्रफीत अद्याप कोणी बंद केलेली नाही. बुवांनी ती नातवाच्या मोबाईलवर पाहिली, तेव्हा आवाज नीट आहे की नाही हे न विचारता, आपले नाव कोठे आले आहे ते त्यांनी प्रथम बोटाने दाखवावयास सांगितले.